रॉकवर प्रभाव कोणाचा: 'शास्त्रीय' संगीताचा की 'अभिजात' संगीताचा?

फोंड्याहून एका वाचकांनी विचारले आहे: "मडगावच्या एका कार्यक्रमासाठी मी मराठी निवेदन लिहिले. त्यात 'आधुनिक रॉक आणि पॉप संगीतावर शास्त्रीय संगीताचा मोठा प्रभाव आहे' असे वाक्य होते. तालमीच्या वेळी एकाने 'शास्त्रीय' खोडून 'अभिजात' करायला सुचवले, तर दुसऱ्याच्या मते दोन्ही शब्द एकच. बरोबर काय?"

आपल्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण ते गोव्यातील सभागृहात वाचले गेले तर काही श्रोत्यांच्या मनात तंबोरा वाजू लागेल आणि काहींच्या मनात व्हायोलिन. दोघेही बरोबरच असतील. कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य अशी दोन्ही संगीते शिकवली जातात, आणि एकाच वाड्यावर एका घरातले मूल पेटीवर अलंकार घोटत असते, तर शेजारचे मूल कागदावरचे दो-रे-मी वाचून व्हायोलिनचा गज ओढत असते. दोन्ही घरांतील पालक 'मूल शास्त्रीय शिकते' असेच सांगतात. इतरत्र 'शास्त्रीय' म्हटल्यावर संदर्भाने अर्थ उलगडतो, पण येथे उलगडेलच अशी खात्री नाही.

'शास्त्रीय' म्हणजे शास्त्राला धरून असलेले. आधीच्या पिढ्या 'शास्त्रोक्त गायन' म्हणत. बोलण्यात 'पक्के गाणे' किंवा नुसते 'रागदारी' चाले. विष्णु नारायण भातखंडे यांच्यासारख्यांनी रागांची थाटांत (समान स्वरांवर आधारलेल्या गटांत) मांडणी करून ती ग्रंथांत आणली आणि संगीत विद्यालयांत अभ्यासक्रम आले, तसा या शब्दातील 'शास्त्रा'ला वजन आले. मराठीत 'शास्त्रीय' याचा 'विज्ञानाचा' असाही अर्थ असल्यामुळे नव्या वाचकाची थोडी गल्लत होते, पण तो मुद्दा येथे गौण आहे.

'अभिजात' या शब्दाची कुळी वेगळी आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'जन्मलेला' आणि त्यावरून 'चांगल्या कुळात जन्मलेला', म्हणजे कुलीन. गीतेच्या सोळाव्या अध्यायात 'संपदं दैवीमभिजातस्य' असा प्रयोग आहे. तेथे 'दैवी संपत्ती घेऊन जन्मलेला' हा अर्थ आहे. आता 'क्लासिकल'चे मूळ पाहा. प्राचीन रोममध्ये मालमत्तेनुसार नागरिकांचे वर्ग पाडलेले असत आणि 'क्लासिकुस' म्हणजे वरच्या वर्गातला. दुसऱ्या शतकातील ऑलुस गेलिअस या लेखकाने हे विशेषण अनुकरणीय ग्रंथकारांना लावले. दोन दूरच्या भाषांत प्रतिष्ठेसाठी सामाजिक दर्जाचाच शब्द पुढे यावा, याचे मला नेहमी नवल वाटते. शब्दाला शब्द म्हणून पाहिले, तर 'क्लासिकल'च्या सर्वांत जवळ 'अभिजात' हाच बसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तो सामान्य श्रोत्याच्याही कानावरून गेला आहे.

तरी एक अडचण उरते. पाश्चात्त्य संगीताचे अभ्यासक 'क्लासिकल' हा शब्द काटेकोरपणे वापरतात तेव्हा साधारण १७५० ते १८२० हा हायडन आणि मोझार्टचा काळ त्यांना अभिप्रेत असतो. जर्मन रचनाकार बाख १७५० मध्ये वारला. तो त्याआधीच्या बरोक काळातला. रॉकवरील प्रभावाची गाजलेली उदाहरणे मात्र बरीचशी बाखकडे जातात. प्रोकोल हॅरम या गटाच्या १९६७ च्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' मध्ये ऑर्गनची धून आणि तिच्याखाली एकेक पायरी उतरत जाणारे खर्जाचे स्वर थेट बाखच्या वळणाचे आहेत. त्याच वर्षीच्या 'पेनी लेन' मध्ये बीटल्सनी छोटा, उंच सुराचा ट्रम्पेट घेतला, तोही त्यांच्यातील पॉल मॅकार्टनी यांनी बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबर्ग कंचेर्तोत (निवडक वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत) ऐकल्यानंतर. म्हणून 'अभिजात' हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यायचा, हे निवेदकाने मनाशी पक्के धरावे.

आता आपल्या वाक्यातील दुसऱ्या शब्दाकडे, 'प्रभावा'कडे, येतो, कारण खरी खोच तेथे आहे. पाश्चात्त्य परंपरेकडून रॉकने केवळ वाद्ये घेतली नाहीत. बीटल्सच्याच १९६६ च्या 'एलिनॉर रिग्बी' मध्ये गिटार आणि ड्रम नाहीतच, गायनाला आठ तंतुवाद्यांची साथ आहे. १९६९ मध्ये डीप पर्पल या गटाने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर आपल्यातील जॉन लॉर्ड यांचा तीन भागांचा कंचेर्तो वाजवला. तेथे एका स्वरमेळातून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीतून) दुसऱ्यात कसे जायचे याचे नियम आणि रचनेचा आराखडाही उचललेला दिसतो, म्हणजे शब्दशः 'शास्त्र'च उचललेले आहे. भारतीय रागसंगीताच्या बाबतीत मात्र आधी नाद पोहोचला. बीटल्सच्या १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड' मध्ये त्यांच्यातील जॉर्ज हॅरिसन यांची सतार येते ती एक वेगळा रंग म्हणून, राग मांडण्यासाठी नव्हे. १९६६ मध्ये ते पंडित रविशंकर यांच्याकडे शिकू लागले, आणि १९६७ च्या 'विदिन यू विदाउट यू' मध्ये तबला, दिलरुबा व तंबोरा यांच्या साथीने थोडा विस्तारही ऐकू येतो. पण रॉकच्या मोठ्या भागात पोहोचला तो तंबोऱ्याचा अखंड गुंजारव आणि सतारीची झणकार. रागाचे चलन (स्वरांची ठरलेली वाटचाल), बढत (सावकाश विस्तार) आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे मागेच राहिले. तेव्हा नुसता 'शास्त्रीय संगीताचा प्रभाव' म्हटल्याने दोन अगदी निराळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात.

गोमंतकीयांना याचे घरचे उदाहरण देता येईल. सेबॅस्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले, आणि रागावर बांधलेल्या चालींना व्हायोलिन-चेलोंचा स्वरमेळ मिळाला. १९६१ च्या 'छाया' चित्रपटात तर सलिल चौधरी यांनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून गाण्याचा मुखडाच बांधला. अशा एखाद्या गाण्याविषयी 'यावर शास्त्रीय संगीताचा प्रभाव आहे' असे म्हटले, तर श्रोत्याने चाल ऐकायची की चालीमागचा मेळ?

येथे आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर बाख आणि बेथोव्हेन आहेत, चक बेरी यांचे रॉक अँड रोल आहे, आणि आपल्या फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. या चौघांना सामावणारे एकच विशेषण शोधू गेल्यास 'शास्त्रीय' आणि 'अभिजात' दोन्ही तोकडे पडतात. संगीताचे अभ्यासक अशोक रानडे यांनी 'कलासंगीत' आणि 'जनसंगीत' हे शब्द वापरले. त्यांत कुळाचा अभिमान नाही की शास्त्राचा धाक नाही. लेखनात मला तेच अधिक पसंत आहेत, मात्र मंचावरून एकदाच ऐकू येणाऱ्या वाक्यात ते चटकन पोहोचणार नाहीत.

म्हणून निवेदनात असे लिहावे: 'आधुनिक रॉक आणि पॉप संगीताने पाश्चात्त्य अभिजात संगीताकडून स्वरमेळ आणि रचनेचे आराखडे घेतले, तर हिंदुस्थानी रागसंगीताकडून प्रामुख्याने नाद घेतला.' वाक्य थोडे लांबते, पण वाचताना 'तर'च्या आधी श्वास घेतला की अडखळायला होत नाही. छापील पत्रिकेत 'पाश्चात्त्य' मध्ये दोन 'त' आहेत ना, तेवढे पाहून घ्यावे. मूळ शब्द 'पश्चात्' असून त्याला 'त्य' हा प्रत्यय लागलेला आहे.