माशांच्या बादल्या उचलण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल आणि सोबतचं अमेरिकेतल्या समुद्री सस्तन प्राण्यांच्या केंद्रातल्या इंटर्नशिपचं ऑफर लेटर, दोन्ही नीट वाचलं. १२ आठवडे, आठवड्याला ४० तास, पगार नाही, राहायची सोय नाही, काम डॉल्फिन आणि सी-लायन यांची निगा आणि येणाऱ्या लोकांना माहिती देणं. जाऊ का, असं तू विचारलंस. त्या पत्रात कामावर यायची वेळ आहे, टी-शर्टचा रंगसुद्धा आहे. तुला काय शिकवणार आणि कोण शिकवणार, यावर मात्र एक ओळ नाही. ती ओळ मिळेपर्यंत हो म्हणू नकोस.

हिशेब साधा आहे. ४८० तास तू देणार. विमानाचं तिकीट, घरभाडं, विमा, जेवण, सगळं तुझ्या घरचं. म्हणजे ही फी भरून लावलेली शिकवणीच झाली. मग अभ्यासक्रम आधी मागायला संकोच कसला? त्यातून काही ठिकाणी इंटर्नकडूनच वेगळी ‘प्रोग्राम फी’ घेतात. तसं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नकोस.

आता दिवसभर तिथे काय करावं लागतं ते ऐक. माहितीपत्रकातली मुलगी डॉल्फिनच्या तोंडावरून हात फिरवताना दिसते. इंटर्नचे पहिले कित्येक आठवडे मासळीच्या खोलीत जातात, आणि प्राण्याला हात लावायची परवानगी अनेक ठिकाणी शेवटपर्यंत मिळत नाही. यात फसवणूक नाही. तिथलं खरं काम त्या खोलीतच चालतं.

हेरिंग, केपेलिन, स्मेल्ट, स्क्विड असा माल गोठवलेल्या खोक्यांतून येतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड लागतो, आणि मासळी वितळवायला बाहेर काढली की २४ तासांच्या आत खाऊ घालावी लागते. खोकी आदल्या दिवशी काढून फ्रिजमध्ये ठेवतात. घाई असेल तर वाहत्या थंड पाण्याखाली धरतात. साठलेल्या कोमट पाण्यात बुडवायची नाही, कारण बाहेरचा थर मऊ होऊन त्यावर जंतू वाढतात, आत बर्फ तसाच राहतो आणि जीवनसत्त्वं व क्षार पाण्यात उतरून जातात. दुसरं कारण नव्या माणसाच्या डोक्यात येत नाही. हे प्राणी समुद्राचं खारं पाणी पिऊन तहान भागवत नाहीत; त्यांना लागणारं पाणी मुख्यतः माशातूनच मिळतं. सुकलेला मासा दिला की खाणंही कमी पडतं आणि पाणीही.

मग एकेक मासा हातात घेऊन बघायचा. पोट फुटलेला, कडेला पिवळट पडलेला, खवट वास येणारा, फ्रीझरने पांढरा कोरडा झालेला, सगळे बाजूला. बांगड्याच्या जातीचा मासा थोडा वेळ उबेत राहिला तरी त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते गोठवून किंवा शिजवून जात नाही, म्हणून ‘अजून बरा दिसतोय’ हा निकष तिथे चालत नाही. निवडलेली मासळी तोलून प्रत्येक प्राण्याच्या नावाच्या बादलीत भरायची. केपेलिन कमी चरबीचा, हेरिंग जास्त चरबीची. एक संपली म्हणून तेवढ्याच वजनाची दुसरी भरलीस तर आकडा जुळेल पण कॅलरी चुकतील. फलकावर लिहिलेलं प्रमाण विचारल्याशिवाय बदलायचं नाही.

शिवाय हेरिंग आणि स्मेल्ट या माशांत थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते जीवनसत्त्व ब-१ तोडतं आणि गोठवल्यावरही थांबत नाही. म्हणून दर किलो माशामागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन, म्हणजे हेच ब-१, आणि साधारण १०० युनिट जीवनसत्त्व ई वरून देतात. गोळी माशाच्या कल्ल्यात खोचायची आणि तो मासा पहिल्यांदा द्यायचा. बादलीच्या तळाशी गेलेली गोळी पोटात गेली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. सील किंवा सी-लायनला ब-१ कमी पडलं तर आधी खाणं मंदावतं, मग तोल जातो, झटके येतात.

उरलेली मासळी पुन्हा तोलून लिहायची असते, आणि नवी मुलं नेमकी इथे आळस करतात. आजारी पडलेला समुद्री प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतो. खाणं कमी होणं हीच बहुतेक वेळा पहिली खूण असते. तू ‘सगळं खाल्लं’ असं अंदाजाने लिहिलंस तर डॉक्टरांना दोन दिवस उशिरा कळतं. श्वासांचंही तसंच. पाच मिनिटं घड्याळ लावून फुत्कार मोजायचे आणि आकडा लिहायचा. ‘नॉर्मल’ हा शब्द लिहायचा नाही.

दिवस संपतो तो ओटे, सुऱ्या आणि बादल्या घासण्यात. क्लोरीनचं द्रावण, मग भरपूर साधं पाणी. एकेका बादलीचं वजन दहा किलोच्या आसपास, आणि बहुतेक जाहिरातींत ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो, उचलता येण्याची अट असते. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या ज्या घरात चातुर्मासात कांदाही फोडणीला पडत नाही, तिथून जाणाऱ्या मुलीने एक गोष्ट आधीच मनाशी ठरवावी. माशाचा वास केसांतून जात नाही, आणि तिसऱ्या दिवशी किळस येते म्हणून परत फिरता येत नाही. इथल्या मासळी बाजारात जाऊन पाच किलो मासे स्वतः साफ करून बघ. आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

दुखापतीचंही बोलून घेऊ. सील चावला किंवा त्याची लाळ जखमेत गेली तर ‘सील फिंगर’ होऊ शकतं: बोट सुजतं, सांधा आखडतो. ते मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होतं, म्हणून पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं. हे माहीत नसलेल्या डॉक्टरकडे गेलीस तर आठवडे वाया जातात. त्यामुळे कुठल्या प्राण्याबरोबर काम करतेस ते डॉक्टरला तोंडाने सांगायचं. सी-लायनपासून लेप्टोस्पायरोसिस आणि क्षयही होऊ शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी मागतात. तिचा कागद इथूनच घेऊन जा.

आता मुख्य मुद्दा. परत आल्यावर याचं काय करणार? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मे २०१३ मध्ये डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन ठेवून खेळ दाखवणाऱ्या ठिकाणांना, परवानगी न देण्याचं धोरण जाहीर केलं. भारतात डॉल्फिन ट्रेनरची नोकरी नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. तेव्हा शिट्टी वाजवून डॉल्फिनला उडी मारायला लावणं हे कौशल्य इथे कुणी विचारणार नाही. विचारतील ते वेगळं: किनाऱ्यावर मेलेला प्राणी सापडला तर नोंद कशी करायची. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत लांबी, शरीराला धरून वक्र नाही. स्थितीचा आकडा १ ते ५: १ जिवंत, २ ताजा मेलेला, ५ म्हणजे नुसती हाडं किंवा वाळलेलं कातडं. शवविच्छेदनाच्या वेळी डबे, चिठ्ठ्या आणि नोंदवही सांभाळायला मिळाली तरी ते १२ आठवड्यांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण. तसंच प्राण्याला जबरदस्ती न करता शेपटी पुढे करून रक्त काढू द्यायला शिकवणं. हीच पद्धत वाघ-अस्वलांसाठीही चालते, म्हणजे फूलबागेतल्या प्राणिसंग्रहालयापर्यंत ती उपयोगी आहे. आणि पन्नास माणसांपुढे उभं राहून, कंटाळलेल्या पोरांसकट, दहा मिनिटं बोलता येणं. याला तू कमी लेखतेस असं मेलवरून वाटलं. लेखू नकोस.

म्हणून सगळी केंद्रं एका मापाने मोजू नकोस. जखमी सील आणि सी-लायन बरे करून परत समुद्रात सोडणारी रुग्णालयं वेगळी. कॅलिफोर्नियातलं सॉसालिटोचं मरीन मॅमल सेंटर १९७५ पासून हेच करतं. तिकीट लावून डॉल्फिनबरोबर पोहू देणारी ठिकाणं वेगळी. दुसऱ्या प्रकारात इंटर्न बऱ्याचदा फोटोच्या रांगा सांभाळतात आणि टॉवेल वाटतात. तुझं केंद्र कुठल्या प्रकारातलं ते तूच शोध. अमेरिकेत अशा केंद्रांची तपासणी कृषी खातं करतं आणि अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर खुले असतात. मागच्या काही वर्षांचे वाच. एखादी त्रुटी सगळीकडे सापडते. तीच त्रुटी परत परत आली असेल तर समज.

व्हिसाबद्दल तुझा समज चुकीचा आहे. पगार नाही म्हणून पर्यटक व्हिसावर चालेल, असं कुणी सांगितलं तरी ऐकू नकोस. अशा इंटर्नशिपला साधारणपणे जे-१ व्हिसा लागतो. तो शिकत असलेल्यांना किंवा पदवीनंतर १२ महिन्यांच्या आत असलेल्यांना मिळतो, म्हणजे तुझं एमएस्सीचं शेवटचं वर्ष ही योग्य वेळ आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हा फॉर्म देते आणि केंद्राबरोबर डीएस-७००२ नावाचा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो. टप्प्याटप्प्याने काय शिकवणार, देखरेख कोणाची, मूल्यमापन कसं, हे त्यात लिहून सह्या होतात. मी वर जी ओळ मागायला सांगितली, ती कायद्यानेच मागितलेली आहे. नियमात आणखी दोन अटी आहेत. कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि अकुशल मजुरी नको. आणि या गटात पशुवैद्यकीय उपचारांचं काम करता येत नाही. म्हणजे ‘आजारी पिल्लांना औषध द्यायला मिळेल’ असं केंद्र कौतुकाने सांगत असेल, तर तेच वाक्य आराखड्यात आलं की प्रायोजक अडवू शकतो. निरीक्षण, आहार, नोंदी आणि लोकशिक्षण यावर आराखडा बांधायला सांग. आजारपण किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे. तिथे गेल्यावर हॉटेलात काम करून भाडं काढीन, हेही डोक्यातून काढ. जे-१वर आराखड्याबाहेरची नोकरी चालत नाही. दिल्ली ग्वाल्हेरहून जवळ आहे म्हणून मुलाखतीचं शेवटी बघू, असं करू नकोस. कागद जमायलाच चार-सहा महिने धर.

खर्चात सगळे एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे गाडी. अशी केंद्रं किनाऱ्याला, गावाबाहेर असतात, काम पहाटे सुरू होतं आणि त्या वेळी बस नसते. चालत किंवा सायकलने जाण्याजोगं घर मिळतं का, आणि आधीचे इंटर्न कुठे राहिले, हे विचार. मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला मिळेल का, हेही विचार. केंद्राने टाळलं तर ते उत्तरच आहे.

तोवर हात रिकामे ठेवू नकोस. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य आपल्या दाराशी आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत ६,३२७ नदी-डॉल्फिन मोजले गेले. त्यातले राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या वाट्याचे ९५. म्हणजे मोजकेच. सूंस, म्हणजे हीच नदी-डॉल्फिन, वर येते ती क्षणभर, म्हणून नावेत दोघांनी नदीचे भाग वाटून घ्यायचे आणि मोबाइल खिशात ठेवायचा. मुरैन्याच्या देवरी केंद्रात घडियालाची, म्हणजे मगरीच्या कुळातल्या त्या लांब तोंडाच्या प्राण्याची, अंडी उबवून पिल्लं सुमारे १.२ मीटर लांब होईपर्यंत वाढवतात आणि नदीत सोडतात. सस्तन नसले तरी टाकीचं पाणी, आहाराचं वजन, रोजची नोंद ही शिस्त तीच. वन विभागाकडे विद्यापीठाच्या पत्रासह अर्ज कर. अभयारण्यात स्वतःहून काही मोजायला जायचं नाही. सूंस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे आणि परवानगीशिवाय कशालाच हात लावता येत नाही. असा हिवाळाभराचा अनुभव अर्जात असला की परदेशातली केंद्रं तुला वेगळ्या नजरेने वाचतात.

पोहण्याची परीक्षाही बहुतेक ठिकाणी असते: न थांबता लांब पोहणं, श्वास रोखून पाण्याखालून जाणं, तळाशी जाऊन वजन वर आणणं. ग्वाल्हेरच्या एलएनआयपीई या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेतल्या पोहण्याच्या तलावावर बाहेरच्यांना घेतात का ते विचार. श्वास रोखायचा सराव एकटीने कधीही करू नकोस. पाण्याखाली शुद्ध जाते तेव्हा आधी काही जाणवत नाही.

आजच केंद्राला मेल टाक. विचारायचं इतकंच: आठवड्यागणिक काय शिकवणार, देखरेख कोणाची, शवविच्छेदनाला उभं राहू देतात का, जे-१ प्रायोजकाबरोबर आधी काम केलंय का, आणि शेवटी कामाचं लेखी मूल्यमापन देतात का. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. दुसऱ्यांदाही ‘आल्यावर बघू’ असं आलं, तर ऑफर सोड. उत्तर आलं की सही करायच्या आधी मसुदा मला पाठव.

आईबाबांना नमस्कार सांग.