'मुक्त उपासना' आणि 'शिस्तबद्ध उपासना'

प्रश्न असा: ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'मुक्त उपासना' आणि 'शिस्तबद्ध उपासना' हे विरुद्धार्थी शब्द म्हणून वापरतात, ते बरोबर आहे का?

अजिबात बरोबर नाही. 'मुक्त' म्हणजे जिवंत आणि 'शिस्तबद्ध' म्हणजे पुस्तकातून वाचलेली, म्हणून निर्जीव, हे ऐकून कान किटले आहेत. 'उपासना' म्हणजे जवळ बसणं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खरा मौल्यवान शब्द 'शिस्त' आहे.

तो संस्कृत 'शिष्ट'वरून आणणारे आहेत. उच्चार जुळला की व्युत्पत्ती लागली, ही त्यांची पद्धत मला मान्य नाही. शब्द फारसी आहे. 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि प्रत्यंचा ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतो ते कडंही. त्यावरून अर्थ आला नेम. हिंदीत 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणं. शिस्तीच्या मुळाशी बेडी नाही, रोख आहे!

आता बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १४ वाचा. मंडळी जमते तेव्हा कुणाजवळ स्तोत्र असतं, कुणाजवळ शिक्षण, कुणाजवळ प्रकटीकरण, म्हणजे देवाने उघड केलेली गोष्ट. इतकी मोकळीक आज किती ठिकाणी मिळते? आणि लगेच पुढे: आत्म्याच्या प्रेरणेने अन्य, इतरांना न कळणाऱ्या भाषांत बोलणारे दोघे, फार तर तिघे, तेही पाळीपाळीने, अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहावं. बसलेल्या कुणाला प्रकटीकरण झालं, तर आधीच्याने बोलणं थांबवावं. अध्यायाच्या शेवटी 'व्यवस्थितपणे' या अर्थी ग्रीक 'ताक्सिस' येतो. सैन्याच्या रांगेलाही तोच शब्द. या साऱ्याचा नेम एकच, मंडळीची उन्नती, आणि त्यासाठीचा 'ओइकोदोमे' हा शब्द मुळात घर बांधण्याचा.

'प्रभूचा आत्मा आहे तिथे मोकळीक आहे' हे वचन काही उपदेशक नियमांविरुद्ध फेकतात. ते पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं, मोशेच्या तोंडावरच्या आच्छादनाबद्दल चाललेल्या विवेचनातलं. सभा कशी चालवावी हा तिथे विषयच नाही. संदर्भ तोडून वचन वापरणं ही मोकळीक नव्हे.

नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनाची परंपराच पाहा. पूर्वरंग, उत्तररंग ठरलेले, म्हणून तर कीर्तनकार मधे मोकळेपणी रंगतो.

फरक दाखवायचाच असेल तर 'उत्स्फूर्त' आणि 'ठरीव' म्हणा. 'शिस्त' दोन्हींना लागते.