फळ्याचा उजवा कोपरा

दांडिया बाजार, बडोदे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, चहा गार करून ठेवलास आणि जाताना जिन्यात थांबून विचारलंस, "काकू, पण मुलांना दया शिकवायची कशी?" तेव्हा मी काहीच बोलले नाही. उत्तर तोंडात होतं, पण ते जरा कडू होतं आणि तुझे डोळे आधीच भरले होते. म्हणून लिहिते.

दया शिकवू नकोस. तुझ्या वर्गातल्या त्या पोराला, काय होणार ते आधी सांगत जा.

सगळं पत्र एवढंच आहे. पुढे मी हेच पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, तेव्हा वैतागू नकोस. वैतागलीस तरी वाच.

शनिवारचा प्रकार तू रडत, मागचं पुढे करत सांगितलास. मी तो रात्री सरळ लावून पाहिला. तुझा दुसरीचा वर्ग. 2 एप्रिलच्या ऑटिझम जागृती दिनाच्या कार्यक्रमाची तालीम, म्हणून बाकं उचलून भिंतीला लावलेली. तुला स्वतःला ते शाळेत पोचल्यावर कळलं. तो ऑटिझम असलेला मुलगा आला, तर खिडकीजवळचं त्याचं बाक जागेवर नाही. माइक कर्कश शिट्टी मारून सुरू झाला. त्याने कान दाबले, ओरडायला लागला. शेजारच्या मुलाने चांगल्या मनानेच "चल, चल" म्हणत त्याला दंडाला धरून ओढलं आणि तो चावला. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर हलकल्लोळ. मग मोठ्या बाईंनी ठरवलं की कार्यक्रम आणखी जोरात करायचा. सगळ्यांनी निळे कपडे, एक नाटुकलं आणि शेवटी त्या मुलाला मंचावर बोलावून टाळ्या.

टाळ्या! प्रार्थनेनंतरच्या टाळ्यांना जो बाकाखाली जातो, त्याला!

ज्या दिवसाच्या जागृतीसाठी हे चाललंय, त्याच्याच तालमीने त्या लेकराचा शनिवार उधळला, हे तुमच्या स्टाफरूममध्ये एकाच्याही लक्षात येऊ नये? दिवसाशी माझं भांडण नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2007 साली ठराव केला, तेव्हापासून जगभर पाळतात, आपणही पाळावा. निळे व्हा, फलक लावा. पण त्याच्या बाकाला हात लावायचा असेल तर आदल्या दिवशी त्याला सांगा.

आपल्याकडे ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. स्वतःत मग्न असलेल्याला बाक हललेलं कळलं तरी असतं का? याला तर खोलीतलं सगळं कळतं. पंख्याची कुरकुर कळते, ट्यूबचा गुणगुणाट कळतो, आज तू केसांना वेगळं तेल लावलंस तेही कळतं. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने अमेरिकेत 1943 साली अकरा मुलांवर लेख लिहिला, तेव्हाच त्याने नोंदवून ठेवलंय की सगळं जिथल्या तिथे राहावं अशी या मुलांची तळमळ असते आणि ते मोडलं की जीव घाबराघुबरा होतो. ऐंशी वर्षं होऊन गेली त्याला. आपली बाकं मात्र अजून न सांगता हलतात.

त्याच डॉक्टरने आईबापांच्या कोरडेपणाकडेही बोट दाखवलं होतं. पुढे इतरांनी त्याचा सिद्धांत केला आणि आया कित्येक वर्षं तो डाग घेऊन जगल्या. मी कॅनरचं नावही ऐकलं नव्हतं, तरी एका आईला मीही बोल लावला होता. माझा उलटा होता. "घरी फार लाड करता तुम्ही."

हे तुला समोर बसून सांगवलं नसतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी मराठी शाळेत होते, माझ्याकडेही दुसरीच. पन्नासच्या वर पोरं, खोली एक, खिडकी एक. त्यात एक मुलगा. वडील रेल्वेत. अक्षर मोत्यासारखं, पाढे सतराचे, अठराचे घडाघडा. पण नजर द्यायचा नाही आणि मधूनच मोठ्यांदा म्हणायचा, "यात्रीगण कृपया ध्यान दें." बाईंच्या आवाजात, स्टेशनवर लागतं अगदी तसं. वर्ग हसायचा. मी त्याला बाहेर उभं करायची.

एकदा त्याला म्हटलं, "इकडेतिकडे काय बघतोस, पुस्तकात डोकं घाल." त्याने पुस्तक उघडलं, बाकावर उभं केलं आणि दोन पानांच्या मध्ये कपाळ टेकवून बसला. पोरं खो खो हसली. मला वाटलं माझी टिंगल करतोय. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. कपाळ तसंच पुस्तकात ठेवून म्हणाला, "घातलं बाई." सांगितलेलं केलं तरी मार का, हे त्याला कळलं नव्हतं. मला ते कळायला दहा वर्षं लागली.

त्याची घोषणाही मला फार उशिरा कळली. तो ती केव्हा म्हणायचा, हे आठवून आठवून जुळवलं. तास बदलताना. घंटेच्या जरा आधी. दुसऱ्या बाई माझ्याऐवजी वर्गावर आल्या की. हा माझा अंदाज आहे, चुकतही असेन. पण स्टेशनवर गाडी यायच्या आधी सांगतात, फलाट बदलला तर तेही सांगतात, उशीर असेल तर किती मिनिटं ते सांगतात. त्याच्या ओळखीच्या सगळ्या जगात तेवढं एकच ठिकाण असं होतं. शाळेत कोणी काही सांगत नव्हतं, म्हणून तो स्वतःच सांगायचा. आणि मी त्याला दाराबाहेर उभं करत होते.

वर्षाच्या शेवटी वरून ठरलं की त्याला दाखला द्यायचा. "याची शाळा वेगळी." मला हे दोन दिवस आधी माहीत होतं. त्याची आई रोज डब्याच्या सुट्टीत यायची, फाटकाशी उभी राहून त्याला पोळी भरवायची. त्या दोन्ही दिवशी ती माझ्याशी बोलली. मी तिला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं आणि कागद हातात दिला. डबा तिच्या दुसऱ्या हातात होता, उघडलेलाही नव्हता.

आता तू म्हणशील, काकू, तुमच्या हातात काय होतं? मीही तेच म्हणत आले. पन्नास पोरं होती. डीएडला या विषयाचा एक धडा नव्हता. 1995 साली अपंगांचा कायदा झाला त्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यातही नव्हता. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो शब्द आला 1999 साली, आणि 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकारांत बसला. तेव्हा कोणत्या कलमावर बोट ठेवून भांडले असते मी? नोकरी नवी, यांचं दुकान बंद पडलेलं, सासूबाई अंथरुणाला. हे सगळं खरं आहे. पण दाखला थांबवता आला नसता तरी तिला दोन दिवस आधी सांगता आलं असतं. त्याला कायदा लागत नव्हता.

आणि हे या गावात, बघ! सयाजीराव महाराजांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड. त्यांच्या राजधानीत एक आई मूल रोज शाळेत आणत होती आणि आम्ही ते परत पाठवलं. आज मान्यताप्राप्त शाळेला तसं करता येत नाही, भेदभाव न करता घ्यावंच लागतं. तुमच्या ग्रुपवर कोणी "याची शाळा वेगळी" लिहिलं, तर ते तुझ्या बाईंना ठणकावून सांग. तुला भीती वाटत असेल तर मी येऊन सांगते. मला आता कोण काढतंय?

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी फळ्याचा उजवा कोपरा कोणाला पुसू दिला नाही. सकाळी आल्या आल्या तिथे दिवस लिहायचा. प्रार्थना, गणित, डबा, गोष्ट, घर. शेजारी छोटं चित्र. एक झालं की एक पोर जाऊन त्यावर रेघ मारणार. बदल असेल तर लाल खडूने. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, फळ्याची जागा का वाया घालवता? मी म्हटलं, साहेब, तुम्ही येणार हेही तिथे लिहिलंय. त्यांनी वळून पाहिलं. टोपीचं चित्र काढलं होतं. सहकारी बायका मागून हसायच्या, "टाइमटेबल बाई" म्हणायच्या. हसू देत. तुलाही हसतील. मराठी शाळेत निदान मराठीत हसायचे, तुमच्याकडे इंग्रजीत हसतील, एवढाच फरक.

तर सोमवारपासून हे कर. कोपरा आख, पण त्याच्यासाठी म्हणून नको, वर्गासाठी. त्याच्या बाकावर त्याच्यापुरती चित्रांची पट्टीही चिकटव. शिपायाला सांग, घंटा द्यायच्या दोन मिनिटं आधी दारात येऊन नुसता हात वर करायचा. "थोड्या वेळाने" हे शब्द तोंडातून काढून टाक. थोडा म्हणजे किती? "दोन पानं झाली की" असं म्हण. पीटी रद्द झाली तर रद्द झाली एवढंच सांगून थांबू नकोस. त्याऐवजी काय आहे ते सांग आणि पीटी परत कधी तेही. "नीट बस" म्हणू नकोस, पाय कुठे आणि हात कुठे ते म्हण. आणि "पुस्तकात डोकं घाल" कधीही म्हणू नकोस.

तरी एखाद्या दिवशी होईलच. तुझं सगळं नीट असून वीज जाईल, फटाका फुटेल, लग्नाच्या वरातीचा डीजे रस्त्यावरून जाईल. तेव्हा समजावत बसू नकोस, त्या वेळी कानात शब्द ओतणं म्हणजे आगीत तेल. पोरांना बाजूला घे, दिवा-पंखा बंद कर आणि जवळ पण गप्प बस. तो हट्ट नसतो. हट्ट करणारं मूल आपल्याकडे चोरून बघत असतं. हा कोणाकडेच बघत नसतो.

बाकीच्या मुलांना काय सांगायचं म्हणालीस. पहिलं म्हणजे, त्याच्या आईला विचारल्याशिवाय ऑटिझम हा शब्द वर्गात उच्चारायचा नाही. तो तिचा आणि त्याचा आहे, तुमच्या नाटुकल्याचा नाही. मंचावर बोलवायचंही तिला आणि त्याला विचारून. तो नाही म्हणाला तर नाही. आणि तो नाही म्हणणार. मुलांना जेवढं विचारतील तेवढंच सांग. "तो हात का फडफडवतो?" "त्याने त्याला बरं वाटतं. तू नखं खातेस ना?" संपलं. सात वर्षांच्या पोरांना भाषण लागत नाही. त्यांना हवं असतं काय करायचं ते. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. ओढायचं नाही. खेळायला घेताना नियम आधी सांगायचे आणि मध्येच बदलायचे नाहीत. हे शेवटचं अवघड आहे, कारण लगोरीत मध्येच नियम बदलणं हा पोरांचा धर्म आहे.

आणि ज्याला चावलं त्याला विसरू नकोस. तुम्ही सगळे त्याला विसरलात, माझ्याही हे उशिरा ध्यानात आलं. त्याची आई ग्रुपवर तावातावाने बोलली, ती वाईट बाई नाही. तिच्या मुलाच्या मनगटावर दात उमटलेत आणि शाळेतून फोन गेला तो दुपारी दोनला. तिलाही आधी सांगायला हवं होतं. उद्या तिच्या घरी जा. आधी फोन करून जा, अचानक नको! मनगट बघ, चुकलं म्हण. तू शाळेच्या वतीने चुकलं म्हण, त्या सात वर्षांच्या पोराच्या वतीने नको.

आता थांबते, हात दुखतो. तू मला वर्ग बघायला बोलावलंयस. बुधवारी येते, दुसऱ्या तासाला. मोठ्या बाईंना विचारून ठेव. त्यालाही मंगळवारी सांग आणि बुधवारी सकाळी कोपऱ्यात लाल खडूने लिही. एक आजी येणार. केस पांढरे, हातात काळी छत्री. शेवटच्या बाकावर बसणार, बोलणार नाही, कोणाला हात लावणार नाही. गणित संपलं की जाणार. छत्रीचं चित्र काढ. मी ती उघडणार नाही, हेही त्याला सांगून ठेव.

तुझी
काकू