तारीख सांगू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप वाचला. रजा संपली म्हणून नवरा परवा अटलांटाला परतला आणि तू कोलंबियात, बोगोटातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दत्तक घेत असलेल्या दोन मुलांना घेऊन एकटी राहिलीस. "आता नुसती वाट बघायची," असं लिहिलंयस. माझं भांडण त्या 'नुसती'शी आहे, आणि ते व्हॉट्सॲपवर मावायचं नाही, म्हणून हे पत्र.

आधी कागदांचं बोलू, कारण रात्रीची झोप तेच उडवतात. आयसीबीएफनं, म्हणजे तिथल्या बालकल्याण खात्यानं, मुलांची भेट घालून दिली, सहवासाचे दिवस झाले, अहवाल चांगला आला, वकिलानं कुटुंब न्यायालयात अर्ज टाकला. 2006 च्या बालहक्क कायद्यात म्हटलंय, की सरकारी बाल अधिकाऱ्याची हरकत नसेल तर न्यायाधीशानं 10 दिवसांत निकाल द्यावा. दिवस कामकाजाचे, हे विसरू नकोस. कोलंबियात वर्षाला 18 सार्वजनिक सुट्ट्या, आणि 1983 च्या एका कायद्यानं त्यातल्या बऱ्याचशा सोमवारी ढकललेल्या. एकट्या नोव्हेंबरात असे दोन सोमवार जातात. पुढे 20 डिसेंबर ते 10 जानेवारी बहुतेक न्यायालयांना टाळं. शिवाय कायद्यात 10 लिहिलंय म्हणून कारकुनाच्या टेबलावर 10 च लागतात, असं आपल्याकडे तरी कुठे होतं?

निकालाची नोटीस घ्यायला आईबापांपैकी निदान एकानं न्यायालयात स्वतः हजर राहावं लागतं, आणि निकाल अंतिम झाल्याशिवाय मुलांना देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून तू तिथे आहेस. तुझी सही हे खरं काम आहे. पहारेकरी म्हणून तुला कुणी मागे ठेवलेलं नाही. निकालानंतर नवे जन्मदाखले, पासपोर्ट, दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरची तपासणी, व्हिसा. ते सगळं भराभर होतं, त्याची काळजी आज करू नकोस.

आता मुद्द्याचं. मुलांना जायची तारीख सांगू नकोस. "बहुतेक पुढच्या शुक्रवारी" असंसुद्धा नाही. थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा. संस्थेत वाढलेल्या मुलांनी 'लवकरच' आणि 'बहुतेक' पुष्कळ ऐकलेलं असतं. तू शुक्रवार सांगशील, तेवढ्यात न्यायाधीश रजेवर जाईल, आणि मुलांच्या हिशेबात खोटी तू ठरशील. जे तुझ्या हातात आहे तेवढंच सांग, आणि सांगितलंस की पाळ. सकाळी अंडी करणार म्हणालीस तर अंडीच कर, ब्रेडवर भागवू नकोस. संध्याकाळी पाचला बागेत, तर पाचला. दुपारनंतर पाऊस हमखास येतो तिथे. मग कोट चढवून जा, दहा मिनिटं भिजून या. इतकी वर्षं दत्तकानंतरच्या भेटींसाठी घरोघर जाते आहे. मोठी मुलं पहिल्या महिन्यात प्रेमाची परीक्षा घेत नाहीत. ही बाई बोलते तसं करते का, एवढंच ती बघतात. कुशीत घेणं, पापे घेणं राहू दे मागे. ती आपणहून येतील तेव्हा येतील.

नवरा गेला हे तुझ्यासाठी रजा संपणं आहे. मुलांसाठी आणखी एक मोठं माणूस बॅग घेऊन दारातून बाहेर पडलं. त्याला बजाव: रोज सातला व्हिडिओ कॉल, पाच मिनिटं का होईना, पण सातलाच. सध्या अटलांटा आणि बोगोटाची घड्याळं एकच वेळ दाखवतायत, तेव्हा सबब नाही. बोलायला काही नसेल तर स्पॅनिश गोष्टीच्या पुस्तकातलं एक पान त्यानं अडखळत वाचावं आणि धाकट्यानं त्याचे उच्चार सुधारावेत. नऊ वर्षांच्या पोराला बापाच्या चुका काढायला मिळणं ही चैनच!

थोरलीबद्दल मला जास्त लिहायचंय. तू कळवलंयस की ती रात्री उठून भावाचं पांघरूण नीट करते, त्याच्या ताटातलं मांस कापून देते, त्याला काही विचारलं तर उत्तर तीच देते. आणि तुझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "किती समंजस पोर!" समंजस वगैरे काही नाही गं. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून ती त्याची आई झालेली आहे, कारण दुसरं कुणी नव्हतं. थोरल्या लेकीच्या समंजसपणाचं कौतुक करायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे, आणि त्या कौतुकात मुलीचं बालपण जातं. तर कौतुक नको. ते काम तिच्या हातून हिसकावूनही घेऊ नकोस, ती घाबरेल. तिला कामावरून काढल्यासारखं वाटेल. रोज रात्री एकच गोष्ट तिला आधी सांगून ठेव: उद्या त्याची नखं मी कापणार. आणि दुसऱ्या दिवशी काप. ती दारात उभी राहून बघेल. एक नख वेडंवाकडं गेलं की पुढे येईल. तरी कात्री देऊ नकोस, हसून पुरं कर. मग त्याची आंघोळ, मग त्याचं दुखलंखुपलं. हे काम हळूच चालतं.

तिला येतं ते मात्र तिच्याकडून शिक. आग्वापानेला करायला सांग. पानेला म्हणजे आपला गूळच. उसाचा रस आटवून केलेली काकवीच्या रंगाची ढेप. जगात गूळ करण्यात भारताच्या खालोखाल कोलंबियाच आहे. ती ढेपेचा तुकडा फोडेल, पाण्यात उकळेल, कपात ओतेल आणि वर चीजचा तुकडा टाकेल. नाक मुरडू नकोस. चीज तळाशी जाऊन मऊ होतं, चमच्यानं काढून खायचं. तुझ्या आजीकडे दारी आलेल्याला गूळपाणी मिळायचं, हे तिला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांग. ती हसेल की नाही ठाऊक नाही, पण ऐकून घेईल.

उशीच्या अभ्र्यात पाव सापडला म्हणून तू हादरलीस. हादरू नकोस, रागावू नकोस, आणि 'आता या घरात कधीच काही कमी पडणार नाही' असं भाषणही नको, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. दोघांच्या पलंगाजवळ एकेक डबा ठेव. त्यात केळी, आरेपा म्हणजे तिथली मक्याची जाड भाकरी, बिस्किटं. विचारायचं नाही, मोजायचं नाही, रात्री झोपण्यापूर्वी भरायचा. अभ्र्यातला पाव आपोआप बंद होतो, आठवड्यात नाही, पण होतो.

धाकट्यानं बूट फेकला आणि "तू माझी आई नाहीस" म्हणाला, हे वाचून खरं सांगू, मला बरं वाटलं. पाहुण्यासारखं गोडगोड वागणं संपलं. त्याच्याशी वाद घालू नकोस. अजून नाहीये, हे त्याचं बरोबर आहे. बूट उचलायला लाव आणि ठरल्या वेळेला जेवायला वाढ.

आता तुझं. बोगोटा 2600 मीटर उंचीवर आहे. जिना चढताना धाप लागते ती उंचीची, काळजीची नव्हे. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी सकाळी 7 ते दुपारी 2 मोठे रस्ते गाड्यांना बंद आणि सायकलींना मोकळे असतात. तिघं बाहेर पडा. फ्लॅटमध्ये बसून तिघांचीही डोकी फिरतील.

आईशी रोज बोल. तुझे रात्रीचे 8 म्हणजे सांगलीत सकाळचे 6:30, तिचा पहिला चहा. पण मुलांसमोर मराठीत रडू नकोस. भाषा कळत नाही, चेहरा कळतो, आणि अशा मुलांना वाटतं आपल्याला परत पाठवायचं चाललंय. दार लावून बोललीस तर त्याहून वाईट. ती झोपल्यावर बोल. आणि रडू फुटलंच त्यांच्यासमोर, तर शब्द जोडून सांग की मला माझ्या आईची आठवण येते. ते त्यांना कुणापेक्षाही जास्त समजेल.

'इतकी मोठी मुलं, त्यांना सगळं आठवत असणार', असं म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांचं काय करायचं, विचारलंयस. म्हणावं, हो, आठवतं. दत्तकाची फाईल कायद्यानं 20 वर्षं गोपनीय राहते, पण थोरलीला तिच्या आईचं नाव पाठ आहे. ती ते घेईल तेव्हा हातातलं काम ठेव आणि ऐक. 'आपल्या देशातली मुलं सोडून तिकडची का' याला मात्र उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. उन्हाळ्यात चार आठवडे ती तुमच्या घरी राहून गेली आणि तुम्हाला हीच दोघं हवीशी झाली, एवढं पुरे.

नोटीस घ्यायला जाशील त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. आणि परतीची तिकिटं तारीख बदलता येईल अशीच काढायला सांग नवऱ्याला. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत.

तुझी,
मावशी