सुक्या सोड्यांची १०० ग्रॅमची दहा पाकिटं विकली, तरी पायथॉनमध्ये बेरीज १ किलो का भरत नाही?

मालवणच्या तुमच्या दुकानाचं वजन बरोबरच आहे; चुकतंय ते फ्लोटची (दशांश आकड्यांची) बेरीज == ने तपासणं, तिथे दोन आकडे पुरेसे जवळ आहेत का ते पाहणारं मॅथ.इझक्लोज वापरा. ०.१ हा आकडा बायनरीत नेमका मावत नाही, म्हणून लूपमध्ये += करत दहा वेळा मिळवला की ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. (३.१२ आवृत्तीपासून नुसतं सम हे फंक्शन जास्त अचूक बेरीज करतं, पण लूपमधलं += पूर्वीसारखंच आहे.) वजनांची यादी हाताशी असेल तर मॅथ.एफसम उत्तम: ते मधल्या बेरजांतून गळणारे अंश जपून ठेवतं आणि शेवटी एकदाच राउंडिंग करतं. इथे ते बरोबर १.० देतं.

खरी मेख शून्यापाशी आहे. १ किलोतून ०.१ दहा वेळा वजा केलं तर साधारण ०.०००००००००००००००१४ उरतं आणि 'माल संपला' ही सूचना येतच नाही. इझक्लोजही इथे फॉल्स म्हणतं, कारण चालणाऱ्या फरकाची त्याची मूळ मर्यादा आकड्यांच्या आकाराशी सापेक्ष आहे (एक अब्जांश) आणि अ‍ॅब्स_टोल, म्हणजे चालणारा ठरावीक फरक, मुळात ०.० असतं. शून्याशी तुलना करताना ते स्वतः द्या; काटा ५ ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवत असेल तर त्याच्या निम्मं, म्हणजे अ‍ॅब्स_टोल=०.००२५, पुरेसं आहे.

पैशांना मात्र हा उपाय लावू नका. रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवा किंवा दशांश आकडे नेमके ठेवणारा डेसिमल प्रकार वापरून डेसिमल('०.१') असं अवतरणात लिहा, अवतरण विसरलात तर फ्लोटची चूक जशीच्या तशी डेसिमलमध्ये उतरते.