हृदयातले कॅथेटर आणि बाहेरचे चुंबक

प्रश्न : माझे मामा अमेरिकेत असतात. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यामुळे त्यांच्यावर तेथे उपचार झाले. डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत बसून, चुंबकांच्या साहाय्याने हृदयात तार फिरवली, असे ते सांगतात. हे शक्य आहे का? एवढ्या मोठ्या चुंबकांकडे रक्तातले लोह ओढले जात नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मामा सांगतात ते अगदी शक्य आहे. ठोके बिघडवणारा हृदयाच्या स्नायूचा बारीकसा भाग उष्णतेने निकामी करण्याच्या उपचाराला अब्लेशन म्हणतात. सेंट लुईसच्या स्टिरिओटॅक्सिस कंपनीच्या यंत्रणेत त्यासाठी रुग्णाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा चुंबक असतो आणि जांघेतील शिरेतून हृदयात नेलेल्या कॅथेटरच्या, म्हणजे मामा ज्याला तार म्हणतात त्या बारीक लवचीक नळीच्या टोकाशी इवलेसे चुंबक बसवलेले असतात.

बाहेरचा चुंबक कॅथेटरला ओढून नेत असेल, असे कोणालाही वाटेल. पण शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने घासून, कागदाच्या कपट्यावर ठेवून वाटीतल्या पाण्यावर सोडून पाहा. ती उत्तर-दक्षिण वळते आणि तिथेच थांबते, वाटीच्या उत्तरेकडच्या काठाकडे धावत नाही. छातीच्या भागातले चुंबकीय क्षेत्र जवळजवळ एकसारखे ठेवलेले असल्याने कॅथेटरचे टोकही असेच केवळ वळते. बाहेरचे चुंबक फिरवून डॉक्टर त्याला दिशा देतात, आणि पुढे-मागे सरकवण्याचे काम जांघेजवळची मोटर करते.

याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा म्हणजे, हाताने वळवायच्या कॅथेटरला जो ताठरपणा लागतो तो येथे लागत नसल्याने टोक मऊ ठेवता येते, ते हृदयाच्या भिंतीवर हलकेच टेकते आणि भिंतीला छिद्र पडण्याचा धोका कमी होतो. शिवाय डॉक्टर क्ष-किरणांपासून दूर राहतात.

रक्तातल्या लोहाची चिंता नको. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते, खिळ्यातल्या लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही. येथील क्षेत्र साधारण 0.1 टेस्ला, म्हणजे नेहमीच्या 1.5 टेस्लाच्या एमआरआयच्या पंधराव्या भागाएवढे असते, आणि एमआरआयमध्येही रक्त ओढले जात नाही. पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगायला हवे, कारण चुंबकामुळे त्याची काम करण्याची पद्धत तात्पुरती बदलू शकते.

जगभरात बहुतेक अब्लेशन आजही हातानेच होतात आणि यशस्वीही होतात. घरात कोणाला हा उपचार सुचवला गेला, तर डॉक्टरांनी आजवर अशी किती अब्लेशन केली आहेत, हे आधी विचारा. यंत्राची चौकशी त्यानंतर.