मिशनवर निघालास, तर एवढं ऐक

आपल्या मॉर्मन चर्चच्या धर्मप्रसाराच्या मिशनसाठी तुझं बोलावणं आलं, छान. मुलांना 24 महिने, मुलींना 18. पण कॅलेंडरवर फुल्या मारत बसू नकोस. मी मारायचो आणि रोज रडकुंडीला यायचो.

सकाळी 6:30 ला उठणं चार दिवसांत अंगवळणी पडतं. खरी परीक्षा जोडीदाराची, म्हणजे सोबत नेमलेल्या मिशनरीची. तो तू निवडत नाहीस आणि न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास तो बरोबर असतो. माझं पहिलं भांडण खरकट्या भांड्यांवरून झालं, तीन दिवस अबोला! तू त्याच रात्री बोलून टाक. बदल्या होत राहतात, कुणीच कायमचा नसतो.

आपल्याकडे नेमणूक झाली तर घरोघरी चहा पुढे येणार. आपल्या चर्चमध्ये चहा वर्ज्य, पण नुसतं ‘नको’ म्हटलंस तर यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. ‘काकू, चहा घेत नाही, पण ताक चालेल’ असं म्हण, त्या खूश. (या युक्तीने मी किती ताक प्यायलो, विचारू नकोस.)

2019 पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो. आम्हाला नाताळ आणि मातृदिन, एवढे दोनच. तयारीच्या दिवशी (आठवड्यातला स्वतःची कामं उरकायचा दिवस) आधी कपडे धू, मग फोन कर. फोननंतर हात चालत नाहीत. आणि बूट दोन जोड ने, पायात रुळलेले.